नियमित भरणाऱ्याला काय?

धाकट्या भावाचं कर्ज बुडत होतं तेव्हा थोरल्याला वाईट वाटत होतं, अगदी मनापासून. ते कर्ज मिटलं तेव्हा त्याला जे वाटलं त्याला वाईट वाटणं म्हणत नाहीत. सरळ भाषेत त्याला पोटात दुखणं म्हणतात. आणि ते असं दुखलं की त्यापायी या माणसानं, ज्यानं आयुष्यात कुणाची दमडी थकवली नव्हती, हात दाखवून अवलक्षण करून घेतलं.

थोरला वजनकाटे दुरुस्त करायचा. बाजाराच्या मागच्या गल्लीत दुकान, दुकान म्हणजे एक लांबट टेबल, त्यावर खाली-वर सरकणारा दिवा, आणि मखमल लावलेल्या पेटीत ओळीनं बसवलेली पितळी वजनं. ती वजनं तो उघड्या हातानं कधी उचलायचा नाही, चिमट्यानं उचलायचा, कारण बोटाचा घामसुद्धा वजनात भर घालतो म्हणे. बाजारात त्याला 'काटेकोर' म्हणत, तोंडावरसुद्धा, आणि त्याला ते आवडायचं. यंत्रं घेण्यासाठी त्यानं पाच वर्षांचं कर्ज काढलं होतं. महिन्याच्या पाच तारखेला हप्ता. साठातले एक्केचाळीस भरून झाले होते, आणि एकदाही पाचाची सहा झाली नव्हती.

बायको जाऊन नऊ वर्षं झाली होती. घरात म्हातारी आई आणि एकुलती एक मुलगी. मुलीची शाळा संपत आली होती आणि तिला कृत्रिम हातपाय बनवायचं शिक्षण घ्यायचं होतं, चार वर्षांचं, दुसऱ्या शहरात. फी ऐकून आईनं पदर तोंडाला लावला होता. थोरला मात्र म्हणाला, फीची काळजी तू करू नकोस, शैक्षणिक कर्ज काढू. त्याला बापाची सही लागते आणि बापाची पत लागते, आणि माझी पत काय आहे ते बँकेला विचार. हे वाक्य त्यानं त्या वर्षात निदान वीस वेळा म्हटलं असेल.

आता धाकटा. त्याचं छपाईचं दुकान होतं. माणूस हसरा, बोलका, खिसा कायम उघडा. धंदा बरा चालला तेव्हा त्यानं दुसरं मशीन घेतलं, भिंतभर टीव्ही घेतला, समुद्रावर जाऊन आठ दिवस राहून आला. मग त्याचं सगळ्यात मोठं गिऱ्हाईक दिवाळखोरीत निघालं आणि याच्या मशीनवर धूळ साचायला लागली. सात महिने त्यानं हप्ता भरला नाही. फोन वाजला की तो फोन उशीखाली ठेवायचा, जणू उशीखाली ठेवल्यानं कर्ज गुदमरून मरणार होतं. व्याज आणि दंड धरून आकडा गेला पाच लाख ऐंशी हजारांवर.

मग एका सकाळी तो थोरल्याच्या दुकानात येऊन बसला. बँक म्हणते एकरकमी काही द्या, बाकीचं सोडून देऊ, असं त्यानं सांगितलं. एक मशीन विकून एक लाख दहा हजार उभे राहिले होते. पण बोलायचं कसं ते त्याला कळत नव्हतं.

"दादा, तू चल. तू बोल," तो म्हणाला. "मी बोललो तर रडेन, आणि ते रडण्याचे पण पैसे लावतील."

थोरला गेला. का नाही जाणार, सख्खा भाऊ होता. आणि खरं सांगायचं तर घासाघीस हा त्याचा हातखंडा होता. पंधरा दिवस त्यानं तयारी केली. धाकट्याच्या घरातली कागदपत्रं तारखेप्रमाणे लावली. बंद पडलेल्या गिऱ्हाइकाचं पत्र, विकलेल्या मशीनची पावती, रिकामं पासबुक. डिसेंबरअखेरीस, तिमाहीचा शेवटचा आठवडा गाठायचा, कारण तेव्हा बँकेलाही आपली पाटी स्वच्छ करायची घाई असते. आपला आकडा आपण आधी सांगायचा नाही. हप्त्यात देतो असं चुकूनही म्हणायचं नाही, देऊ तर एकदम देऊ. आणि पत्र हातात पडल्याशिवाय एक पैसा सोडायचा नाही. धाकट्यानं हे सगळं वहीत लिहून घेतलं, शाळेतल्यासारखं.

वसुली विभाग बँकेच्या दुसऱ्या मजल्यावर होता. जाड भिंगांच्या चष्म्याची एक बाई तिथे बसायची, सगळे तिला मॅडम म्हणत. टेबलावर फायलींची चळत, बाजूला अर्धवट प्यालेला चहा. मॅडमनी साडेचार लाखांपासून सुरुवात केली. थोरल्यानं नुसती मशीनची पावती पुढे सरकवली. मॅडम चार लाखांवर आल्या. थोरल्यानं पासबुक सरकवलं. मग तो म्हणाला, मॅडम, या माणसाकडून तुम्हाला कोर्टात जाऊन पाच वर्षांनी काय मिळेल ते तुम्ही माझ्यापेक्षा जास्त जाणता. आज काय मिळेल तेवढं बोला. मॅडम आत जाऊन साहेबांशी बोलून आल्या, दोनदा. तासाभरानं सौदा दोन लाख तीस हजारांवर पटला. शंभराला चाळीस. दहा दिवसांत एकरकमी, आणि खातं बंद.

धाकट्यानं तिथेच डोळे पुसले. मॅडम हसून थोरल्याला म्हणाल्या की तुमच्यासारखा भाऊ सगळ्यांना मिळत नाही. कौतुक ऐकून माणूस फुगतो, थोरलाही फुगला. पण त्याच क्षणी त्यानं मनात वजाबाकी केली. साडेतीन लाख! साडेतीन लाख या पोरानं खाल्ले, त्यावर समुद्रावर आठ दिवस लोळून आला, आणि आता डोळे पुसले की झालं? आणि ते सोडवून दिले कुणी, तर आपण!

त्याच्या तोंडून निघूनच गेलं. "मॅडम, मीही तुमच्याच बँकेचा. एक्केचाळीस हप्ते भरले, सगळे पाच तारखेला. आमच्यासारख्याला काय सूट?"

मॅडमनी चष्मा काढून पुसला. "तुम्हाला?" त्या म्हणाल्या. "तुम्हाला कशाला हवी सूट? तुम्ही भरताय की."

धाकटा हसला. वाईट मनानं नाही, त्याला सुटल्याचं हसू येत होतं. पण थोरल्याच्या अंगाचा तिळपापड झाला. मॅडम पुढे धाकट्याला समजावत होत्या की नोंदीवर तडजोडीचा शेरा राहील, काही वर्षं कुणी दारात उभं करणार नाही, कर्जाचं नाव काढू नका. धाकटा मान डोलवत होता. थोरल्याच्या कानावर ते पडत होतं, पण डोक्यात एकच वाक्य फिरत होतं. तुम्ही भरताय की.

घरी येऊन पाहतो तर दुसराच धक्का. एक लाख दहा हजार मशीनचे, मग वरचे एक लाख वीस हजार कुठून येणार, याचा थोरला वाटभर विचार करत होता. आईनं कपाटातून पाकीट काढलं. तिची मुदतठेव होती, बाबांच्या पश्चात जपलेली, तिनं सकाळीच जाऊन ती मोडली होती. कुणाला विचारलं नाही, सवरलं नाही. ज्या थोरल्याच्या घरी ती राहत होती, ज्याच्या हातून औषधं घेत होती, त्यालासुद्धा नाही.

"मला कधी चहाला पैसे दिले नाहीस तू," तो म्हणाला. विनोदात म्हणायला गेला, पण आवाज फाटला.

"तुला कधी गरज पडली?" आई म्हणाली, आणि उठून भाजी चिरायला बसली.

पैसे भरले गेले, ना-देय दाखला आला, आणि धाकटा केक घेऊन आला. केक! थोरल्यानं इतके हप्ते भरले, कुणी बिस्कीट आणलं नाही. मुलगी टाळ्या वाजवत होती, आई धाकट्याच्या पाठीवरून हात फिरवत होती, वाळला गं माझा पोरगा म्हणत. वाळला कसला, दोन महिन्यांत त्याच्या शर्टाची बटणं ताणली गेली होती. मुलगी बापाला 'तुम्ही' म्हणायची आणि काकाला 'तू'. थोरल्याला आजवर त्यात मान वाटायचा. त्या दिवशी पहिल्यांदा त्याला ते टोचलं. काकाच्या ताटलीतला केक ती आपल्या चमच्यानं खात होती, आणि बापाच्या ताटलीत नीट कापलेला चौकोनी तुकडा होता.

मग त्याला सगळीकडे तेच दिसायला लागलं. धाकट्याला आता गाढ झोप लागते, हे त्याची बायको कौतुकानं सांगायची. गाढ झोप! धाकट्यानं उरलेल्या मशीनवर लग्नपत्रिका, पावतीपुस्तकं छापायला सुरुवात केली, चार पैसे सुटायला लागले, तर आई ते दहा वेळा सांगायची. थोरला वीस वर्षं चार पैसे सोडवत होता, त्याची बातमी कधी झाली नाही. काट्याच्या पारड्यातली धूळ ब्रशनं झाडताना तो स्वतःशी पुटपुटायचा की बघा, चोर सोडून संन्याशाला फाशी. चारचौघांत मात्र तो म्हणायचा, भाऊ सुटला, बरं झालं. ते म्हणताना त्याचे दात एकमेकांवर घासायचे.

आणि मग एप्रिलच्या चार तारखेला तो बँकेत गेला, आपल्या बचत खात्यातून हप्त्याची रक्कम काढली आणि पोस्टाच्या खात्यात नेऊन टाकली. पाच तारखेला बँकेनं हप्ता ओढायचा प्रयत्न केला. खात्यात काही नव्हतं.

हिशोब त्यानं पक्का मांडला होता, निदान त्याला तसं वाटत होतं. कर्जाचे उरलेत दोन लाख. तीन महिने भरायचं नाही. जूनअखेरीस, तिमाही संपताना, मॅडमसमोर जाऊन बसायचं. धाकट्याला शंभराला चाळीस, तर आपल्यासारख्याला पस्तीस तरी. लाख-सव्वा लाख वाचतील, मुलीच्या वसतिगृहाला होतील. हे शेवटचं त्यानं स्वतःला इतक्यांदा सांगितलं की ते खरंच मुलीसाठी चाललंय असं त्याला वाटायला लागलं. शेऱ्याची भीती? तो शेरा धाकट्यासारख्यांना. आपली एवढ्या वर्षांची पत तीन महिन्यांनी पुसली जाते होय! बाकी सगळ्या गोष्टी चिमट्यानं उचलणाऱ्या माणसानं एवढीच गोष्ट अशी मुठीत धरून उचलली.

फोन यायला लागले. पहिला फोन आला तेव्हा त्याचे कान तापले. दुसऱ्याला तो म्हणाला, धंदा मंदा आहे. तिसऱ्यापर्यंत त्याला त्यात एक चोरटी मजा यायला लागली. मे महिन्याच्या चार तारखेला पैसे काढले, जूनच्या चार तारखेला काढले. मुलीचा निकाल लागला, छान लागला, कॉलेजात तिचं नाव यादीत आलं. पंधरा जुलैपर्यंत फी भरायची होती. तो म्हणाला, जुलैच्या पहिल्या आठवड्यात कर्जाचा अर्ज टाकू, तोवर माझं एक काम उरकतं. कसलं काम ते त्यानं सांगितलं नाही, आणि तिनं विचारलं नाही. या बापाला काही विचारायची गरजच कधी पडली नव्हती.

जूनच्या तीस तारखेला तो मॅडमसमोर बसला. इस्त्रीचा शर्ट घालून गेला होता. कर्ज मिटवताना चुरगळलेला शर्ट घालावा हे भावाला त्यानंच शिकवलं होतं, स्वतःच्या वेळी विसरला. मॅडमनी खातं उघडलं आणि बराच वेळ पडद्याकडे बघत राहिल्या. दुकानाचं चालू खातंही याच बँकेत होतं, त्यात दर आठवड्याला पैसे येत होते, जात होते.

"चार एप्रिल, चार मे, चार जून," मॅडम म्हणाल्या. "आदल्या दिवशी न चुकता पैसे काढलेत. हप्ता चुकवण्यातही तुम्ही काटेकोर."

त्या रागावल्या नाहीत. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. त्यांनी शांतपणे सांगितलं की तडजोड ज्याच्याकडे नसतं त्याच्याशी करतात. ज्याच्याकडे आहे आणि जो देत नाही, त्याला नोटीस पाठवतात. थोरला तसाच पोस्टात गेला, पैसे काढले, परत आला, तीनही हप्ते भरले, वर दंड भरला. पावती घडी करून खिशात ठेवली आणि कानाला खडा लावला. झालं, संपलं, असं त्याला वाटलं. अगदी हायसं वाटलं त्याला, जिना उतरताना.

चार जुलैला तो आणि मुलगी कर्जाच्या अर्जाला गेले. पहिल्या मजल्यावर, वेगळं टेबल, तरुण कारकून. कारकुनानं मुलीचे गुण बघून वा म्हटलं. मग बापाचा नंबर टाकला, आणि त्याचा चेहरा पडला. पडदा त्यानं दोघांकडे वळवला. सलग तीन हप्ते थकीत, तेही गेल्याच तिमाहीतले. भरले ते ठीक, पण नोंद राहते. निदान वर्षभर नियमित भरा, मग बघू. दुसरं कुणी सही करणारं आहे का? आजीचं वय बसत नव्हतं. काकाच्या नावापुढे तडजोडीचा शेरा होता. कारकून म्हणाला, माफ करा. थोरला आणखी दोन बँकांत गेला, त्याच दिवशी. दोन्हीकडे तोच पडदा.

घरी आल्यावर मुलीनं त्याला खुर्चीवर बसवलं, पाणी दिलं आणि काकाला फोन केला. धाकटा असेल तसा आला, हाताला शाई लागलेली. त्यानं खिशातून नोटांचं पुडकं काढून टेबलावर ठेवलं, आठ-नऊ हजार असतील, आणि म्हणाला की एवढेच आहेत आत्ता, पण दादा, तू बोलायचं होतंस रे. माझ्यासाठी एवढा झगडलास आणि स्वतः तीन महिने आतल्या आत सोसत राहिलास. बोलता बोलता त्यानं शाईच्या हातानंच डोळे पुसले. आई उठली, थोरल्याच्या मागे येऊन उभी राहिली आणि तिनं त्याच्या पाठीवर हात ठेवला. वाळलास रे, म्हणाली.

थोरला हलला नाही. किती वर्षांनी तो हात पाठीवर आला होता ते त्याला आठवेना. हात गरम होता, आणि तो तसाच राहावा असं त्याला इतकं वाटलं की डोळे भरून आले. सगळ्यांना वाटत होतं की धंदा बसला, म्हणून हप्ते चुकले. कुणी त्याला खोटं बोलायला सांगत नव्हतं. नुसतं गप्प बसायचं होतं. गप्प बसला असता तर हे सगळं त्याला मिळत होतं, हात, नोटा, भावाचे डोळे, सगळं.

मुलगी समोर गुडघ्यांवर बसली. तिनं पहिल्यांदाच त्याचे दोन्ही हात हातात घेतले.

"बाबा, कॉलेज पुढच्या वर्षी बघू, त्याचं काही नाही," ती म्हणाली. "पण मला सांगायचं ना. पैसे नव्हते का?"

इथे खोटं बोलणं सोपं होतं, आणि थोरल्यानं दोनदा तोंड उघडलं तेही खोटंच बोलायला. पण वीस वर्षं दुसऱ्याचे काटे बरोबर करणाऱ्याची जीभ त्या वेळी वळली नाही.

"होते," तो म्हणाला.

"होते म्हणजे?"

"पोस्टात ठेवले होते. तिन्ही महिन्यांचे." मग त्यानं धाकट्याकडे बघितलं. "याला सोडले साडेतीन लाख. आईनं ठेव मोडून दिली. म्हटलं, मला का नाही? मलाही सोडतील म्हणून थांबवले."

पाठीवरचा हात निघाला, रागानं नाही, नुसता निघाला, आणि आई आत जाऊन बसली. धाकटा नोटांच्या पुडक्याकडे बघत राहिला. ते उचलावं की राहू द्यावं हे त्याला कळत नव्हतं.

मुलीनं त्याचे हात सोडले. टेबलावर पसरलेली प्रवेशाची कागदपत्रं तिनं एकावर एक ठेवली, फोटो, गुणपत्रिका, कॉलेजचं पत्र, आणि प्लॅस्टिकच्या पिशवीत घातली. ती उभी राहिली तेव्हा थोरल्याला वाटलं आता ती ओरडेल, आणि तो ओरडण्याची वाट बघत बसला.

"काका," ती म्हणाली, "जागा सोडल्याचा अर्ज द्यायचाय कॉलेजात. मोठ्या माणसाची सही लागते. उद्या तू येशील माझ्याबरोबर?"